बसऱ्याहून दोन दिसांत

ता. ८ मार्च १९४३, सोमवार

आज कळलं त्यांना. हंडा डोईवर घेताना पदर सरकला. सासूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत व्हत्या. त्यांचा हात थांबला. सूप खाली ठिवलं नि बघत ऱ्हायल्या.

म्या पानी ओतलं. परत आडावर गेले, परत आले. तवर त्या तशाच.

चौथा सरला. आता झाकत न्हाई. लुगड्याचा घोळ केवढा का करीना...

ह्यांनी सांगितलंय कुनाला बोलू नगंस. पन हे तिकडं बसऱ्याला. हितं मी हाय.

ता. ९ मार्च, मंगळवार

सा.बाई सकाळी म्हनल्या, "चूल ऱ्हाऊ दे. बस हितं." मामंजी ओट्यावर व्हते, आमच्याकडं पाठ करून. सासऱ्यानं सुनंला असलं इचारायचं न्हाई. ऐकत मातर व्हते, चिलीम इझली तरी ओढत व्हते.

"कितवा?"

"चौथा सरला."

"आमचा नामा लढाईवर जाऊन दोन वरसं हुतील. मंग ह्यो कुठला?"

तवा सांगितलं. कार्तिकात तुमी दोघं भोरला दहाव्याला गेलता. मी पोरीला, ठकूला, घिऊन वरल्या रानात नाचनी राखत व्हते. भर दुपारी हे खोपीत आले. खाकी कापडं, पायांत बूट, अंगभर काट्यांचे ओरखडे. त्यांच्या सायबाला तातडीनं पुन्याच्या छावनीत यायचं व्हतं. विमानानं. पेट्या उचलायला म्हनून ह्यांना संगं घेतलं. सकाळी बसऱ्यात निगाले, रात कराचीला, दुसऱ्या दिशी दुपारी पुन्यात. हजारभर कोस. छावनीतनं हालायचं न्हाई असा हुकूम व्हता. हे रातीचे निसटले. नसरापुरापतूर लॉरीनं, तिथनं वाट सोडून डोंगरातनं. भाकर खाल्ली, घडीभर पडले, गुरं परतायच्या आत गेले. कळलं तर तुरुंगात घालत्यात म्हनले. आईला बी सांगू नगंस, तिच्या पोटात ऱ्हात न्हाई.

ह्ये शेवटचं म्या सांगायला नगं व्हतं.

सा.बाई हासल्या. लई दिसांनी हासलेल्या बघितल्या. "आवं ऐकलं का? तुमचा ल्योक आभाळातनं आलता. बायकूला भेटला नि परत आभाळात गेला."

मामंजी उठून गुरांकडं गेले.

ता. ११ मार्च, गुरुवार

हवालदार तात्यांना बोलावलं. गावात बसरा बघितलेला त्येवढाच एक मानूस. पयल्या लढाईत गेलते. डाव्या हाताची दोन बोटं तिकडंच ऱ्हायली. लढाईचं काय बी इचारायचं तर गाव त्यांच्याकडं जातं.

ओट्यावर घोंगडं टाकलं. मी दाराआड. चार शेजारी हुतेच.

तात्या म्हनले, "बसरा म्हंजी काय कापूरहोळ न्हाई, सकाळी जाऊन सांजंला यायला. मुंबईत बोटीवर चढलो तवा चंद्र न्हवता. उतरलो तवा निम्मा झालता. अर्धी पलटन ओकत व्हती. एक तर मेला, त्याला दर्यात सोडला."

कुनीतरी म्हनलं, विमानं झाल्यात की आता.

"झाल्यात. त्यात कोन बसतं? लाटसायेब बसतो. नामा शिपाईगडी, सायबाचे बूट पुसनारा. त्याला विमानात बसवत्यात व्हय? तसं असंल तर मला का बोटीवर घातलं? म्या तर हवालदार हुतो."

सगळे हासले. शेजारच्या चंद्राकाकू म्हनल्या, "मारुतीला उडता येत हुतं, पन त्याला बायकू न्हवती." परत हासले.

तात्या खोटं बोलत न्हाईत. त्यांनी बघितलं त्येच सांगत्यात. त्याचंच भ्याव वाटतं.

ता. १४ मार्च, रविवार

आज सगळं इस्काटलं.

ठकू चार वरसांची. बाप लढाईवर गेला तवा ती दोनाची बी न्हवती, तिला त्यांचं त्वांड म्हाईत न्हाई. त्या दिशी खोपीत ती हुतीच. मला वाटलं ही पोर गावभर सांगंल बाबा आलता म्हनून, मंग ह्यांना धरून नेत्याल. म्हनून म्याच तिला सांगितलं, ह्यो पावना हाय. हे बी म्हनले व्हय, पावनाच हाय मी. तिला खजूर दिला.

सा.बाईंनी तिला मांडीवर घेतली, केस इंचरले. तेल लावलं. कवा लावत न्हाईत.

"ठके, नाचनीच्या रानात तुज्या आयकडं कोन आलतं गं?"

"पावना."

"कसा व्हता?"

"मिश्या. मला खजूर दिला. आय रडली."

"तुजा बाबा व्हता का त्यो?"

"न्हाई. पावना व्हता. आय म्हनली कुनाला सांगू नगं."

पोरीनं येक सबूद खोटा सांगितला न्हाई. सा.बाईंनी तिला खाली उतरवलं, केस तसेच अर्धे सुटलेले. माझ्याकडं बघून म्हनल्या, "बापाला पावना कोन म्हनतं गं?"

ठकूला मारलं म्या. मंग तिला पोटाशी धरून बसले. तिला काय कळंना.

ता. १५ मार्च, सोमवार

आजपास्नं पान्याला शिवायचं न्हाई. झोपायचं गोठ्यात. ठकू त्यांच्यापाशी.

ता. १८ मार्च, गुरुवार

मामंजींनी ठरीवलं नामालाच इचारायचं. पत्र टाकायचं. तात्यांच्या हातून.

म्या पाय धरले. मामंजी, पत्र टाकू नगा. लढाईतली पत्रं सायेब लोक फोडून वाचत्यात. ह्यांनीच सांगितलंय. तुमी इचारलं का आलतास तर तिकडं त्यांना धरत्याल.

सा.बाई म्हनल्या, "बघा. खरं असती तर म्हनली असती टाका पत्र. चोराला उजेड नगं वाटतो."

मामंजींनी पाय सोडवून घेतले. लई हळू. मला वाटलं त्यांना पटतंय. पन सांजंला तात्यांकडं गेलेच.

पत्रात काय लिवलं म्हाईत न्हाई. जायला म्हैना-दीड म्हैना लागंल म्हनत हुते. हे दोन दिसांत आले. कागदाला दीड म्हैना.

ता. २२ मार्च, सोमवार

शेन टाकायला निगाले नि शाळंकडं वळले. मास्तर भोरचे, बामन. एकटेच ऱ्हात्यात. पोरं सुटली व्हती. दाराभाईरनंच म्हनलं, बसरा कुठं हाय दावता का?

भितीवरला नकाशा दावला. मास्तरांनी बसऱ्यावर बोट ठिवलं, मंग पुन्यावर. ईतभर सुदिक न्हाई. मधी सगळा निळा रंग.

"बोट इथून अशी वळसा घालून येते. विमान सरळ येतं. डाकेची विमानं याच वाटेनं येतात, वर्तमानपत्रात असतं. कराचीला मुक्काम करतात."

"दोन दिसांत येतं?"

"येतं की. लवकरसुद्धा येत असेल."

मला रडू आलं. म्हनलं, मास्तर, येवढंच मामंजींना सांगा. तात्यांच्या म्होरं सांगा.

त्यांनी नकाशाची दोरी सोडली, गुंडाळला. "विमान येतं हे कुणीही विचारलं तरी सांगेन. पण त्यात तुमचा नवरा बसला होता हे मी कसं सांगू? मी संस्थानचा नोकर. मला गावात राहायचंय. आणि तुम्ही अशा एकट्या इथं येऊ नका, बाई. लोक मलाही जोडतील."

त्ये बी खरंच. येताना चंद्राकाकूंनी बघितलंच मला.

ता. २४ मार्च, बुधवार

जोडलंच.

ता. ५ एप्रिल, सोमवार. पाडवा

गुढी उभी केली. मला सावलीत बी येऊ दिलं न्हाई. ठकूला नवी साखरंची गाठी गळ्यात. ती गोठ्याकडं पळत आली दावायला, वन्संनी मधीच धरली. वन्सं सनाला आल्यात. ह्यांची धाकली भन. ह्यांच्यावर लई जीव तिचा. लग्नाआदी माझ्यासंगं झिम्मा खेळायची. आज म्हनली, "वैनी, त्येचं नाव तरी सांग. आमी दादाला काय तोंड दावायचं?"

म्हनलं, "तुज्या दादाचंच नाव सांगतीया."

थुकली. माझ्यावर न्हाई, बाजूला.

ता. १३ एप्रिल, मंगळवार

सा.बाईंनी सकाळी गोठ्यात वाटी आनून दिली. स्वता. एक म्हैना झाला त्यांनी माझ्या हातात काय दिलं न्हवतं. काळा काढा. "घे. पोटाला बरं आसतं."

वासावरनं कळलं. सुईन काल येऊन गेली हुती.

म्हनलं, गरम हाय, मागनं घेते. त्या हालंनात. "पी माझ्याम्होरं." वाटी तोंडाला लावली. व्हट मिटून धरले. थोडं गेलं. तवर म्हशीनं पाय झाडला, त्या वळल्या, म्या वाटी कोंड्यात उलटी केली.

दिसभर पोटात कळा. हालतंय का बघत पडून ऱ्हायले. दुपार कलंडली तवा हाललं.

ता. १४ एप्रिल, बुधवार

आज सकाळपास्नं उखळ. भाताचं पोतं म्होरं टाकलंय, सगळं सडून दे म्हनल्या. मामंजी दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा म्हनले, "आगं, तिला पानी तरी दे." सा.बाई म्हनल्या, "तुमाला लई पुळका, तुमीच द्या." त्यांनी दिलं न्हाई.

ता. २० एप्रिल, मंगळवार

आबा आले कापूरहोळास्नं. माझा बाप. आई नसल्यावर बापच येतो. कुनीतरी तिकडं पोचीवलं असनार. ओट्यावर त्यांना पानी दिलं न्हाई. गोठ्याच्या दारात हुबे ऱ्हायले, आत आले न्हाईत.

"खरं काय ते सांग."

सांगितलं. सगळं. विमान, कराची, नसरापूर.

मंग म्हनले, "धाकलीचं लगीन जमत आलंय. तुला आत्ता नेली तर त्ये मोडतंय. सोस थोडं. नामा आला म्हंजी हुईल सगळं."

"आबा, तुमाला पटलं का?"

"माझ्या पटन्याला काय किंमत हाय, पोरी."

पटलं असतं तर व्हय म्हनले असते. जाताना खिशातनं दोन लाडू काढून दाराच्या दगडावर ठिवले. हातात दिले न्हाईत.

ता. २ जून, बुधवार

शंकर आला. विंझरचा. ह्यांच्याच पलटनीत हाय, भरती बी संगंच झाली. रजा घिऊन बोटीनं आला. मामंजींनी त्याला बोलावून आनला. तात्या, शेजारी, सगळे जमले. मला कवा न्हाई त्ये ओट्यापाशी हुबं केलं. म्या देवीला म्हनलं, आता सुटले.

ह्ये तिकडं शंकरच्या संगं जेवत्यात, संगं झोपत्यात. ह्यांनी त्याला सांगितलं नसंल असं हुनार न्हाई.

मामंजींनी इचारलं, "गेल्या दिवाळीच्या सुमाराला नामा देशी आलता का? विमानानं?"

शंकरनं माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हनला, "न्हाई काका. कुठं गेला न्हाई. माझ्यासंगं पंगतीला बसत हुता रोज."

"आमचं पत्र मिळालं त्याला?"

"मिळालं. त्यो म्हनला सांग घरी, मी कुठं आलेलो न्हाई. लिवून द्यायला येत न्हाई म्हनून तोंडी सांग."

तात्या मांडीवर थाप मारून म्हनले, "म्या सांगितलं नव्हतं?"

सा.बाईंनी माझा दंड धरला हुता, नखं रुतत हुती.

ता. ३ जून, गुरुवार

वढ्यावर धुनं धूत हुते. शंकर वरल्या वाटनं विंझरला निगालेला. थांबला. आजूबाजूला बघितलं. खाली उतरला न्हाई, वरनंच बोलला.

"वैनी, रागाऊ नगा. मला तसंच सांगून धाडलंय. तिकडं चौकशी चालू झालीया. छावनीतनं कोन निसटलं हुतं त्याची. पत्र सायबानं फोडलं, त्याला उभा केला नि इचारलं. त्यो म्हनला बायकू येडी हाय, मी गेलोच न्हाई. आता त्यानं सबूद फिरवला तर मेला."

"त्यांना कळलंय ना, माझं?"

"कळलंय."

"मंग काय म्हनले?"

शंकर बुटानं दगूड उकरत ऱ्हायला. "म्हनला, पोरगा झाला तर कळीव."

"आन पोरगी झाली तर?"

"त्ये बोलला न्हाई."

गेला त्यो. म्या धुनं धुवून आनलं. वाळत घातलं. सा.बाईंचं लुगडं, मामंजींचं धोतार, ठकूचा परकर. ह्यांचा जुना सदरा हाय एक, त्यो बी दर खेपंला धुवायला काढत्यात, घालनारा नसला तरी. आज धुतला न्हाई म्या. तसाच भिजवून पिळला नि टाकला.

ता. ८ जून, मंगळवार

मामंजींच्या मनात अजून काय तरी हाय. पेरनी तोंडावर आली, घरात असलं इटाळाचं ठिऊन नांगर कसा धरायचा म्हनत्यात. म्हनून देवीला कौल लावला.

मी देवळाभाईर, चिंचंपाशी. आत जायचं न्हाई. आतलं सगळं ऐकू येत हुतं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटीवल्या.

मामंजी म्हनले, "इचार. बसऱ्याचा मानूस दोन दिसांत हितं येतो का?"

गुरव म्हनला, "आई, बसऱ्याचा मानूस दोन दिसांत हितं येत असंल तर उजवा दे."

पोटात लाथा मारत हुतं.

उजवा पडला.

आत गलका. गुरव ओरडला, "दिला, दिला, उजवा दिला." म्या चिंचंच्या बुंध्याला टेकले. मामंजींचा आवाज आला, "मंग येतो तर." त्यांचा आवाज कसा तरीच झाला हुता, मोकळा.

तात्या म्हनले, "थांबा. प्रश्न चुकला. येतो का असं इचारलं. आई म्हनली येतो. येत असंल बाबा, लाटसायेब येतो. आमचा नामा आला का, ह्ये कुठं इचारलं?"

सा.बाई म्हनल्या, इचारा. परत कळ्या लावल्या.

"आई, नामा आला असंल तर उजवा दे."

लई येळ लागला ह्या खेपंला. भाईर कोंबडं आरवलं. मंग डावा पडला.

घरी येताना मामंजी माझ्या म्होरं चालत हुते. वळून न बघता म्हनले, "येता येतंय. पन आला न्हाई."

ता. १९ जुलै, सोमवार

भाताची आवन चालू. चिखलात दिसभर वाकून. पोट गुडघ्यांना लागतंय. बाकीच्या बाया माझ्या रांगंला लागत न्हाईत, एक रांग मधी मोकळी सोडत्यात. लावनीची गानी म्हनत्यात त्यात माझं नाव घालत्यात. विमानाचं गानं केलंय एक. चाल बरी हाय त्याची. ठकूला पाठ झालं. काल गोठ्यात येऊन मलाच म्हनून दावली.

ता. १६ ऑगस्ट, सोमवार

गुरुवारी पहाटं बाळातीन झाले. गोठ्यात. सुईन आली, त्या काढ्याचीच. हात चांगला हाय तिचा, ह्ये खोटं म्हननार न्हाई. पोरगा.

थाळी वाजली न्हाई. ठकू झाली तवा सुदिक शेजारनी आल्या हुत्या.

मामंजी दाराशी आले. हुबे ऱ्हायले. सुईनीनं पोर उचलून दावलं, म्हनली, "बघा, पाटील, कुनावर गेलाय." ते पाटील न्हाईत, ती सगळ्यांनाच म्हनती. मामंजींनी बघितलं. चांगलं बघितलं. मंग सा.बाईंनी हाक मारली तसे गेले.

आज पाचवी. सटवाई येती आजच्याला. पाटा मागितला पूजायला, दिला न्हाई. शेनाचा गोळा मांडला त्याच्यावरच हळद टाकली. ती काय लिवनार हाय कुनास ठाऊक. ही शिसपेन ठिवली हुती तिच्यासाठी, आता परत घेतली.

ता. २३ ऑगस्ट, सोमवार

आज बारावा. आमच्यात आत्या बाळाच्या कानात नाव सांगती, मंग त्यो घरचा. आत्यानं सांगितल्याबिगर नाव न्हाई.

वन्संना निरोप धाडला हुता आबांच्या गड्याकडनं. मला वाटलं पोर बघून तरी येईल. पाडव्याला थुकली, तरी पन.

आली. सांजंला. गोठ्यात वाकून बघितलं. लई येळ बघत हुती. बोट फुडं केलं, त्यानं धरलं. वन्संचं त्वांड बदललं. मला दिसलं त्ये.

सा.बाई पाठीमागं येऊन हुब्या. "काय गं, तुज्या दादानं सांगितलेलं खोटं का? त्यो म्हनतो आलो न्हाई. तू याच्या कानात नाव सांगितलंस तर तुजा दादा खोटा ठरला."

वन्संनी बोट सोडवून घेतलं. हळूच, एकेक करून. गेली.

ता. ३० ऑगस्ट, सोमवार. पोळा

बैलं सजवून वेशीत मिरवायला काढली. सगळं गाव भाईर. मी गोठ्याच्या दारात पोर घिऊन. गोठा रिकामा हुता म्हनून जरा वारं.

तवा आवाज आला. डोंगराच्या मागनं. पयलं वाटलं गडगडतंय. मंग दिसलं. विमान. पावसाळी ढगांच्या खालनं, गडाच्या माथ्यावरनं आलं, सरळ पुन्याच्या अंगाला गेलं. बैलं बिथरली, एकाचा कासरा तुटला. पोरं वरडत पळाली. थोरली मानसं हात कपाळाला लावून बघत हुती. चिलमीचा एक झुरका मारंपतूर दिसंनासं झालं.

मंग कुनीतरी तात्यांना म्हनलं, "ह्ये पुन्याला कवा पोचंल?"

तात्या म्हनले, "पोचलं आसंल."

सगळ्यांनी ऐकलं. मामंजींनी ऐकलं. सा.बाईंनी ऐकलं. माझ्याकडं एकानं बघितलं न्हाई. बैल धरायला गेले सगळे.

ता. ११ सप्टेंबर, शनिवार

म्याच तात्यांच्या घरी गेले. भ्याले न्हाई आज, का भ्यायचं शिल्लक ऱ्हायलं न्हाई. ते मक्याची कनसं सोलत हुते, तीन बोटांनी.

म्हनलं, पुन्याच्या छावनीत कुनाला भेटायचं? कोन आला कोन गेला ह्ये कुठं कळतं?

त्यांनी मान वर केली न्हाई. "सायबाच्या येन्या-जान्याची वर्दी आसती. विमानातनं कोन उतरलं त्याची नोंद आसंल कुठं तरी. फाटकावरच्या शिपायाला सांगायचं, पलटनीचं नाव सांगायचं. तुला म्हाईत हाय पलटन?"

"हाय."

"मंग नीट ऐक. तू तिथं गेलीस नि खरं निगालं, तर नामाला तुरुंग. खोटं बोलला, पळाला, दोन्ही गुन्हे. खोटं निगालं तर तुला कुनी हुबं करनार न्हाई. कसं बी निगालं तरी तुज्या घरी दिवा लागत न्हाई."

"आन न्हाई गेले तर?"

"तर काय, हाय हेच."

कनीस खाली ठिवलं नि म्हनले, "म्या खोटं सांगितलं न्हवतं. माझ्या येळंला न्हवती विमानं."

"तुमाला कुठं म्हनतीया."

"मंग कशाला बघतीस माझ्याकडं तसं?"

ता. १४ सप्टेंबर, मंगळवार

उद्यापास्नं पितरपाट. मामंजी पितरांना पानी द्यायचे, घरात इटाळ नगं. म्हनून निकाल झाला. मी उद्या पहाटं जायचं, पोर घिऊन. ठकू हितंच.

"ठकू आमची हाय," सा.बाई म्हनल्या. "तिच्याबद्दल आमाला संशव न्हाई."

मामंजींना म्हनलं, पयल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं बघून म्हनलं. नामा म्हनतो आलो न्हाई, पन तुमाला काय वाटतं? तुमी पोर बघितलंय.

ते म्हनले, "मला वाटून काय हुतंय? ल्योक जितं ऱ्हायाला पायजे." मंग म्हनले, "तू छावनीत जाशील. तात्या बोलला. गेलीस तर ठकू तुला परत दिसायची न्हाई. न्हाई गेलीस तर लढाई संपल्यावर बघू."

म्हंजी मामंजींना म्हाईत हाय. कवापास्नं म्हाईत हाय कुनास ठाऊक. सुईनीनं पोर दावलं तवापास्नं, का चिंचंच्या खालनं आलो तवापास्नं, का त्या पयल्या दिशीच, चिलीम इझली हुती तवा.

ता. १५ सप्टेंबर, बुधवार

ठकू झोपेत हुती. उठीवली न्हाई.

ता. २० सप्टेंबर, सोमवार. कापूरहोळ

आबांच्या पडवीत. चार दिस ऱ्हा म्हनले हुते, पाचवा चालू हाय. धाकलीच्या सासरचे येनार हायेत. ती माझ्याशी बोलती पन पोराला घेत न्हाई.

फाट्यावर पुन्याची मोटार येती सकाळी एक नि दुपारी एक, कोळशाच्या गॅसवरची. सकाळी गेले हुते. भरलेली हुती, टपावर सुदिक मानसं. डायवर म्हनला, पोर घिऊन लटकू नगंस बाई, दुपारची बघ. हितं आले तवा पायीच आले, दोन दिस लागले, पोराला पाजत, पावसात थांबत. ह्यांना बसऱ्यास्नं पुन्यात यायला तेवढेच लागले.

दोन गोष्टी मनात घुमत्यात. सायेब इचारंल, तुमचा नवरा आलता का? म्या व्हय म्हनलं की ते गेले. न्हाई म्हनलं की ह्यो गेला. न गेले तर ठकू, कदाचित. कदाचितच.

ह्यांनी माझा इचार केला असंल का, सायबाम्होरं हुबे हुते तवा? केला असंल. करून म्हनले असतील, येडी हाय. त्यांच्या जागी मी असते तर काय म्हनले असते, ह्ये सकाळपास्नं बघतीया. जमत न्हाई. मी त्यांच्या जागी न्हाई.

पोर अंगावर प्यालं, झोपलं. ताप हाय थोडा.

आबा म्हनले, दुपारची मोटार चुकीव, उद्या जा. काल बी हेच म्हनले हुते.

सायबाम्होरं काय बोलायचं ते पाठ करतीया. "सायेब, ते आलते." येवढंच येतंय. म्होरलं येत न्हाई.

मोटारीचा आवाज येतोय फाट्याकडनं.